सोन्याची वायर

उत्तममामाच्या घरात स्वयंपाकघराची फरशी सतत थरथरत असायची. खाली दुकान आणि वर घर, असा तो यवतमाळच्या दत्त चौकाजवळचा दुमजली प्रकार होता. दुकानात भिंतभर टीव्ही, सगळे एकाच वेळी चालू, आणि त्यांच्या पायाशी माणसाच्या कमरेएवढे स्पीकर. सकाळी शटर वर गेलं की ते सगळं अंगावर यायचं. कॉलेजसाठी मी मामाकडे राहायला आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटलं, कमळामामी भाकरी तालावर थापते. खाली ढोलकीचं गाणं लागलं की हात भराभर चालायचे, बातम्या लागल्या की मंद व्हायचे. एकदा मी तिला तसं म्हणाले. ती म्हणाली, "ताल कायचा वं पोरी, फरशीच हालते. मी फक्त परात पकडून बसते." पातोडीच्या रश्श्यावर बारीक लाटा उठायच्या. पापड ताटात सरकत सरकत कडेला यायचा. मामा मात्र या थरथरीवर खूश होता. "हे आपल्या धंद्याचे ठोके आहेत," तो जेवताना फरशीवर तळहात ठेवून म्हणायचा, "चालू हायेत तोवर आपण जिवंत."

मामा म्हणजे माझ्या आईचा पाठचा भाऊ. आईला आम्ही याडी म्हणतो, मामा-मामी बाई म्हणतात. आमचा बंजाऱ्यांचा तांडा दिग्रसच्या बाजूला, डांबरी रस्ता सोडून आत. घरात आम्ही गोरबोली बोलायचो, तांड्याबाहेर वऱ्हाडी, आणि मामाकडे कंपनीची माणसं आली की त्याच्या तोंडून अशी काही हिंदी निघायची की मामी पदर तोंडाला लावून आत पळायची. इथे मी सगळ्यांना वऱ्हाडीतच बोलायला लावते आहे, नाहीतर वाचणारा अर्ध्या वाटेत उतरून जाईल. आमच्या लोकांनी पिढ्यानुपिढ्या बैलांच्या पाठीवरून मीठ नि धान्य मुलखामुलखात पोचवलं, हे मामाच्या बोलण्यात दर दोन दिवसांनी यायचंच. "त्यायनं मीठ वाहलं, मी चित्र वाहतो," तो म्हणायचा. "गिऱ्हाइकाले जे दिसत नाही तेच महाग इकता येते. मीठ पाण्यात गेल्यावर दिसते का? मग?"

न दिसणाऱ्या मालाचं त्याचं मुख्य उदाहरण म्हणजे वायर. तेव्हा जाड्या पाठीचे टीव्ही जाऊन भिंतीला चिकटणारे चपटे टीव्ही नुकतेच घरोघर येऊ लागले होते आणि डिशच्या डब्यापासून टीव्हीपर्यंत एक वेगळी वायर लागायची. मामाचं म्हणणं असं, की टीव्हीवर दुकानदाराला काही सुटत नाही. गिऱ्हाईक आधी अमरावतीला भाव विचारून येतं, नागपूरला विचारून येतं, साडूला फोन लावून खात्री करतं आणि मग मामापुढे बसून घासाघीस करतं. पण वायरचा भाव जगात कोणी विचारून येतं का? टीव्ही ठरला, माणूस दमला, बायको खूश झाली, पोरं खोक्यावर चढली की मग मामा हळूच विचारायचा, "आणि वायर कोनती देऊ?" त्या प्रश्नाला गिऱ्हाइकाजवळ उत्तर नसायचं. मामाजवळ असायचं.

साध्या काळ्या वायरी काउंटरखाली एका पोत्यात असायच्या, वेटोळी करून रबर लावलेल्या. कंपनीच्या वायरी मात्र काचेच्या कपाटात, आत पिवळा दिवा, खाली जांभळी मखमल. कपाटाला कुलूप. मोबाइलच्या कपाटाला कुलूप नव्हतं, याला होतं. किल्ली मामाच्या जानव्याला असती, पण आमच्यात जानवं नसतं म्हणून ती कमरेच्या करदोट्याला होती. कुलूप उघडायच्या आधी मामा पांढरे हातमोजे घालायचा. चांदीची, सोन्याची आणि सगळ्यात वर महाराजा, अशा तीन जाती. सोन्याची म्हणजे दोन्ही टोकांना सोन्याच्या रंगाचं काहीतरी फासलेली. या वायरींवर एक बाणही छापलेला असायचा, आणि तो टीव्हीकडेच तोंड करून हवा, असं मामा बजावायचा. एका गुरुजींनी विचारलं, "उलटी लागली तर?" मामा गंभीरपणे म्हणाला, "चित्र वापस डब्यात जाते, सर." गुरुजींनी ते घरी जाऊन कोणाकोणाला सांगितलं असेल, ते असो.

मला सर्वात जास्त आठवतो तो ऑक्सिजनचा संवाद. मामा वायर प्रकाशात धरून सांगायचा, "याच्यातलं तांबं बिनाऑक्सिजनचं आहे." गिऱ्हाईक घाबरून विचारायचं, "मंग ते चांगलं का वाईट?" मामा हसायचा. "चांगलं ना, बापा. ऑक्सिजन आपल्याले लागते. चित्राले कायले लागते?" माणूस मान डोलवायचा, कारण तसं पाहिलं तर ते खरंच होतं. मागच्या वर्षी मी माझ्यासाठी टीव्ही घ्यायला गेले तेव्हा गुळगुळीत शर्टातल्या एका पोराने हाच ऑक्सिजन मला पुन्हा विकायचा प्रयत्न केला. इतक्या वर्षांत टीव्ही कुठल्या कुठे गेले, ऑक्सिजन मात्र अजून काढूनच चालले आहेत.

दुपारी मामा वर येऊन जेवायचा आणि आडवा व्हायचा. तेवढा वेळ मामी दुकानात बसायची. मामीचं दुकान म्हणजे पोतं. कोणी वायर मागितली की ती खाली वाकायची, एक वेटोळं काढून काउंटरवर टाकायची आणि भाजीवाली सांगते तसा भाव सांगायची. "अन् ते काचेतलं?" कोणी विचारलं तर म्हणायची, "ते पाहाले ठेवलं." संध्याकाळी मामाला कळायचं की दुपारभर पोतंच खपलं. मग जेवताना तो चिडायचा, "कमळे, तू दुकानात बसते का अंगणवाडीत?" मामी भरीत वाढत म्हणायची, "चित्र तं सारखंच येते. लोकायच्या डोळ्यात धूळ फेकाले मले दुपारची झोप सोडून बसवता का?" त्यावर मामा डोळा मिचकावायचा. त्या काळात मामाचा स्वतःचा त्या सोन्यावर काडीचा विश्वास नव्हता. आमच्या घरच्या टीव्हीला पोत्यातलीच काळी वायर होती. हा त्याचा प्रामाणिकपणाच म्हणायचा.

घोळ झाला तो कंपनीने त्याला गोव्याला नेल्यावर. भरपूर वायरी विकणाऱ्या दुकानदारांचं तिथे एका मोठ्या हॉटेलात संमेलन होतं. मामा गेला तेव्हा धंदेवाईक होता, परत आला तेव्हा भक्त झाला होता. आल्या आल्या, बूटही न काढता, तो मामीपुढे बसला. "कमळे, मले दिसलं." मामी म्हणाली, "काय दिसलं?" "फरक. अंधाऱ्या खोलीत बसवलं आमाले. आधी साधी लावली, मंग महाराजा लावली. अवं, पानावरचं दव दिसलं. मी रडलो." मामीने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

त्या रात्री आमच्या घरच्या टीव्हीची काळी वायर निघाली आणि महाराजा लागली. आता मामा वायर विकायचा नाही, उपदेश करायचा. डोळा मिचकावणं बंद झालं. एखाद्याने साधी वायर मागितली तर तो खरोखर दुःखी व्हायचा. "डोळे एकदाच भेटतात, भाऊ," असं कळवळून सांगायचा. गंमत म्हणजे त्याचा खप दुप्पट झाला. खोटं बोलताना त्याचा चेहरा थोडा तरी खोटा दिसायचा, आता तोही अडसर राहिला नव्हता. मामीने दुपारी दुकानात बसणं सोडलं. म्हणाली, "आधी हे चोर व्हते, तवा मले समजत व्हते. आता साधू झाले, आता कठीण आहे."

अशातच याडी आणि बापू, म्हणजे माझे वडील, टीव्ही घ्यायला आले. कापूस बरा झाला होता आणि तांड्यात वीज आता बऱ्यापैकी टिकत होती. याडीने येताना तिळाची चटणी नि आंबाडीची जुडी आणली होती. मामाने बहिणीला टीव्ही अगदी खरेदीच्या भावात दिला, त्यात त्याने एक रुपया ठेवला नाही. आणि मग कुलूप उघडून, हातमोजे घालून, सोन्याची वायर काढली. तिचे पैसे मात्र तो पुरेपूर घेणार होता, कारण कंपनीचा माल फुकट दिला तर त्याचा मान राहत नाही, असं त्याचं नवं मत होतं. मामी पायऱ्या उतरून खाली आली. "बाईले काळी द्या," ती म्हणाली. "आपल्या माणसाले तरी सोडा."

"आपलं माणूस हाय म्हणूनच देऊन राह्यलो ना!" मामा ओरडला. "बाईचे डोळे खराब करू का?"

बापू हा शांत माणूस. ते म्हणाले, "कोणती बी चालन, बात्म्या दिसल्या म्हणजे झालं." पण आता ते बापूंच्या हातात राहिलं नव्हतं. मामीने शटर अर्धं ओढलं. मामाला टीव्हीसमोर स्टुलावर बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि दोन्ही वायरी घेऊन ती टीव्हीच्या मागे गेली. मी, याडी आणि बापू बाजूच्या बाकावर. मागे खटपट झाली. "उघडा," मामी म्हणाली. मामाने डोळे उघडले, गाणं चालू होतं, नाचणारीच्या लुगड्याची किनार लखलखत होती. "हे सोनं," मामा लगेच म्हणाला, "हे सांगाले डोळे लागत नाही." पुन्हा डोळे मिटले, पुन्हा खटपट. "उघडा." मामाने तोंड वाकडं केलं. "हे पोतं. पाहा दाजी, किनार कशी फिसकटली. पाह्य, पोरी." मी पाहिलं. किनार होती तशीच होती. पण मामाने इतक्या ठामपणे सांगितलं, की क्षणभर मलाही ती फिसकटल्यासारखी वाटली.

मामी टीव्हीमागून बाहेर आली. सोन्याची वायर तिच्या हातात होती, मखमलीतून काढली तशी, टोकांवरच्या प्लास्टिकच्या टोप्याही निघालेल्या नव्हत्या. "दोन्ही बारीले काळीच व्हती," ती म्हणाली. "मी नुसती खटखट केली."

मामा स्टुलावर बसूनच राहिला. त्याचे हातमोजे अजून हातात होते, आणि लग्नात बँड निघून गेल्यावर मागे राहिलेल्या वाजवणाऱ्यासारखा तो दिसत होता. मामीचा चेहराही जिंकलेल्या माणसाचा नव्हता, तिला बहुतेक वाटलं होतं की तो हसेल. तेवढ्यात याडी उठली. तिने मामीच्या हातातून ती वायर घेतली.

"मले दिसला फरक," याडी म्हणाली. "पहिल्या बारीले साफ व्हतं."

"बाई, पहिल्या बारीले बी काळीच व्हती!"

"असन. पण मले दिसला." आणि कनवटीचे पैसे काढून तिने भावाच्या मांडीवर ठेवले. मामीने माझ्याकडे पाहिलं, मी बापूंकडे पाहिलं, बापू छताच्या पंख्याकडे पाहत होते.

प्रकरण इथे संपायला हरकत नव्हती. पण याडी सोन्याची वायर घेऊन तांड्यात गेली आणि तांडा वायर पाहायला आला. टीव्ही कोणी पाहिला नाही, तो इतरांकडेही होता. टीव्हीमागे डोकं घालून माणसं सोनं पाहून जायची. म्हातारी माणसं बोट लावून पाहायची. "फरक पडते का?" कोणीतरी विचारायचं, आणि याडीला भावाच्या दुकानात जे बोलली तेच बोलावं लागायचं. याडी तांड्यात खोटं न बोलणारी म्हणून प्रसिद्ध होती. भांडणं तिच्यापुढे सोडवली जायची. मग काय, तिने पडतो म्हटल्यावर घराघरातून माणसं यवतमाळला निघाली. मामाकडे रोज तांड्याचं कोणी ना कोणी यायचं आणि सांगायचं, "बाईच्या सारखी द्या." स्टुलावर खचून बसलेला मामा पुन्हा ताठ झाला. "पाह्यलं?" तो मामीला म्हणाला. "जनता खोटी का?"

एका सकाळी शटर वर गेलं आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून याडीच आत आली. पहिल्या एसटीने आली होती, केसांवर धूळ होती. पाणीही न घेता ती त्याच स्टुलावर बसली.

"उत्तम, मले फरक दिसला नव्हता."

मामाने रिमोट उचलून आवाज बंद केला.

"तू तसा बसला व्हता ना, ते मले पाह्यवलं नाही. म्हणून बोलली. ते तुह्या-माह्यातलं व्हतं. आता लोकं माह्या शब्दावर पैसे टाकून राह्यले. काल ते शेवंती आली, नवऱ्यासंग भांडून वायर घेतली म्हणे. मी तिच्याकडे पाहू कशी, सांग?"

"बाई, मी तं खरं समजून इकून राह्यलो. मले तिथं दिसलं व्हतं. देवाशप्पथ दिसलं व्हतं."

"काय दिसलं तुले तिथं?"

मामा बराच वेळ काउंटरवरची धूळ बोटाने ओढत राहिला. मग जे बोलला ते मी जिन्यात उभं राहून ऐकलं. "तिथं, बाई, दारावरच्या माणसानं मले सलाम केला. उत्तमसेठ म्हणून नावाची पाटी छातीले लावली. त्या खोलीत मोठमोठ्या शहरातले दुकानदार व्हते, त्यायच्या बाजूले खुर्ची दिली. मंग दिवा बंद झाला अन् ते साहेब म्हणाले, ज्याची नजर तेज आहे त्यालेच दिसन. सारे म्हणाले दिसलं. मले न दिसून कसं चाललं असतं? मंग मले दिसलंच."

याडीने त्याच्या डोक्यावर हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा. मग म्हणाली, "उठ. साऱ्यायच्या वायरी वापस घे."

दुकानाला कुलूप लावून आम्ही डिलिव्हरीच्या गाडीतून तांड्यात गेलो. मामी पुढे बसली, मी मागे, पोत्यावर. मामा घरोघर गेला. टीव्हीमागे स्वतः वाकून सोन्याची वायर काढायचा, काळी लावायचा, हातात पैसे परत द्यायचा आणि मान खाली घालून म्हणायचा, "फरक नसते. माही चूक झाली." प्रत्येक घरी त्याला काही ना काही खावं लागलं, एका घरी भाकरी, एका घरी गुळाचा चहा, एका घरी नुसतं दही. लोक पैसे घेत होते, पण गप्प होते. अशा गप्पपणात काय शिजत असतं ते मामासारख्या व्यापाऱ्याला कळायला हवं होतं.

शेवटचं घर धनसिंगबाबांचं. तांड्यातले सर्वात वयस्कर, एका डोळ्याने अधू. मामा टीव्हीमागे वाकायला गेला तशी त्यांनी काठी आडवी केली.

"काहून नेऊन राह्यला?"

"बाबा, साध्या वायरीत अन् हिच्यात काही फरक नाही."

"मले दिसते."

"नाही दिसत, बाबा. मी दुकानदार असून मलेच दिसत नाही."

"तुले नसन दिसत." बाबांनी दाराबाहेर जमलेल्या लोकांकडे पाहून आवाज चढवला. "पैसे वापस देऊन माल नेणारा यापारी पाह्यला का कोणी? सोन्याचा भाव वाढला असन!"

हे वाक्य तांड्यात वाऱ्यासारखं पसरलं. आम्ही बाहेर येईपर्यंत गाडीभोवती गर्दी झाली होती. शेवंती सर्वात पुढे. "माही वायर दे, दादा. नवऱ्याच्या शिव्या खाल्ल्या मी तिच्यापायी." याडी गाडीच्या पायरीवर चढली आणि म्हणाली, "अवं बायांनो, मीच खोटं बोलली व्हती. मले काही दिसलं नव्हतं!" त्यावर सगळ्या हसल्या. "राहू दे, बाई," शेवंती म्हणाली, "आता भावाचं सोनं वाचवाले खोटं बोलून राह्यली. आमाले समजत नाही का?" आयुष्यभर खरं बोललेली माझी आई त्या दिवशी खरं बोलून खोटी पडली. तिचा चेहरा पाहून मला हसूही येईना आणि रडूही.

मामाने एकेकाला वायर परत दिली. पैसे कोणी परत केले नाहीत, आणि मामाने मागितले नाहीत. पोतंही रिकामं झालं होतं, कारण काळ्या वायरी लोकांनी ठेवूनच घेतल्या, असू देत म्हणून. सगळं वाटून झाल्यावर धनसिंगबाबांनी त्याला हाताला धरून आत नेलं आणि आपल्या बाजेवर बसवलं. टीव्हीवर कसलीशी कुस्ती चालली होती. मामी गाडीत बसून हॉर्न वाजवत होती. बाबा अधू डोळा बारीक करून पडद्याकडे बोट दाखवत होते. "पाह्य, मातीचा कण न् कण दिसून राह्यला का नाही?"

मामाने मान तिरकी करून बराच वेळ पाहिलं.

"दिसून तं राह्यला, बाबा," तो म्हणाला.